हिमरूचा जामा

त्या बुधवारी नळाला पाणी आलं होतं, सगळ्याचं मूळ तेच. गारखेड्यात पाणी आठव्या दिवशी येतं आणि आलं की माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही. टाकी भरायची, ड्रम भरायचे, बादल्या, घागरी, शेवटी कुकरसुद्धा भरून ठेवायचा. मंजुषा तर भिजवायची कापडंही त्या दिवसासाठी राखून ठेवी. सुती कापड कातरण्याआधी भिजवायचं, सावलीत वाळवायचं, म्हणजे शिवल्यावर आटत नाही. हा तिचा सव्वीस वर्षांचा नेम होता. भिजवण्याआधी ती प्रत्येक तुकड्याच्या कापल्या काठाला हातानं कच्चा टाका घालायची, धागे सुटू नयेत म्हणून. हे करताना तिला विचार करावा लागत नसे, आणि घात झाला तो त्यामुळेच.

सकाळी साडेसातला तिची पुतणी श्रेया जिन्यावरून ओरडत खाली आली. कॉलेजच्या नाटकाची स्पर्धा पुढच्या रविवारी होती, ती आता याच रविवारावर आली होती. नाटक पाणचक्कीला पाणी आणणाऱ्या नहरीवरचं, तीनशेएक वर्षांपूर्वीचं, आणि श्रेया त्यात नहरीच्या कामावरचा दारोगा. त्या दारोग्याचा जामा मंजुषानं शिवून द्यायचा होता. वर अंगालगत बसणारा, खाली कळ्याकळ्यांचा मोठा घेर, बगलेत बंद. अकरा दिवसांचं काम होतं, ते चार दिवसांवर आलं.

"मोठी आई, होईल ना गं?"

"व्हईल. आता बाजूला हो, पाणी जाईल."

पुढचा अर्धा तास मंजुषानं कसा काढला हे तिलाही नीट सांगता आलं नसतं. खांद्यात फोन धरून ती दोन गिऱ्हाइकांना पुढची तारीख देत होती, आणि हात आपले चालले होते. अस्तराच्या मलमलला टाका घातला, एका पंजाबी ड्रेसच्या कापडाला घातला, आणि त्याच ओघात जाम्याच्या साडेपाच मीटर हिमरूलाही घातला. मग सगळं मोठ्या टबात दाबलं आणि ती ड्रम भरायला गेली.

हिमरूला पाणी लावायचं नाही, हे तिच्याकडं हातशिलाईला येणाऱ्या नजमानं तिला तीन वेळा बजावलं होतं. त्यात एकीकडून सूत असतं, दुसरीकडून रेशीम. पाण्यानं सूत आवळतं, रेशीम तसंच राहतं. वीस मिनिटांनी मंजुषानं टबात हात घातला, तेव्हा गर्द जांभळ्या जमिनीवरच्या सोनेरी कोयऱ्या गोळा होऊन बसल्या होत्या.

तिनं ते गच्चीवर नेऊन दोरीवर टाकलं आणि तशीच उभी राहिली. टबाच्या काठावरून बाहेर राहिलेला दोनेक मीटर तुकडा कोरडा होता. बाकी सगळ्याला चुण्या पडल्या होत्या, ओढून सरळ न होणाऱ्या. तिची धाकटी जाऊ रूपा ओल्या कपड्यांची बादली घेऊन वर आली आणि जिन्याच्या तोंडाशीच थबकली.

"अगं बाई! ताई, हे तेच ना? नजमाच्या युसूफभाईंनी दिलेलं?"

मंजुषानं तोंड उघडलं. मी भिजवलं, एवढे दोनच शब्द होते.

"आत्याबाई!" रूपानं सासूचं नाव घेत बादली खाली आदळली. "दुसरं कोण असणार? मागच्या पाण्याला ह्यांची ऑफिसची फाइल शर्टासकट बादलीत घातली. पाणी आलं की त्यांना धीरच राहत नाही. ताई, आता काय करायचं हो?"

"असू दे," मंजुषा म्हणाली.

खोटंही नाही आणि खरंही नाही, असे हे दोन शब्द. रूपाला वाटलं, काय मोठं मन आहे ताईंचं. ती ते सांगायला लगोलग खाली गेली, आणि मंजुषानं तिला हाक मारली नाही.

का मारली नाही? सांडूला, तिच्या नवऱ्याला, जाऊन अकरा वर्षं झाली होती. तो गेल्यावर या घरात मंजुषाला जागा मिळाली ती पुढच्या खोलीतल्या मशीनवर. गोकुळभाऊजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमच्या वहिनीचा हात चुकत नाही." गेल्या दिवाळीत ती खोली श्रेयाच्या अभ्यासाला हवी म्हणून घरात तीन दिवस अबोला झाला, तेव्हाही याच एका वाक्यानं मंजुषाची मशीन जागची हलली नाही. तिला भीती वाटली, एवढंच. पण अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईनं अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूच्या आड लपावं, ही काही सांगण्यासारखी भीती नव्हे.

*

भागूबाई मेथी निवडत बसली होती. गोकुळ जेवायला आला तो चपला न काढताच तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"माय, ते जांभळं कापड तू भिजवलंस का?"

"कोनतं कापड?"

"श्रेयाच्या नाटकाचं. नजमाच्या भावानं दिलेलं. ट्रंकेत जपून ठेवलं होतं त्यानं, त्याच्या बापाच्या हातचं व्हतं. माग मोडायच्या आधीचं शेवटचं."

भागूबाई आठवू लागली. तिच्या डोक्यात हल्ली असं होई, की एखादी गोष्ट शोधायला जावं तर ती सापडत नसे, पण तिच्या आजूबाजूचं सगळं सापडे. पाणी आलं होतं. तिनं बादली भरली होती. हात गार पडले होते. बादलीत काय होतं?

"पाणी आलं व्हतं," ती म्हणाली.

"ते मला ठाऊक हाय. कापड भिजवलंस का?"

"भाऊजी, जाऊ द्या ना," स्वयंपाकघरातून मंजुषाचा आवाज आला.

"कसं जाऊ देऊ वहिनी? दुसऱ्याची वस्तू हाय! उद्या गॅस चालू ठेवील. आपन सगळे कामावर, तुम्ही मशीनवर. कोन बघनार हिच्याकडं?"

भागूबाईनं मान वर करून थोरल्या सुनेकडं पाहिलं. या घरात कोणती वस्तू कुठं आहे, औषधाची गोळी घेतली की नाही, हे मंजूलाच विचारायची तिला सवय होती. मंजू म्हणाली असती, नाही आत्याबाई, तुम्ही नाही, तर तिनं लगेच मानलं असतं. पण मंजू आमटीत डाव फिरवत होती आणि तिनं वर पाहिलं नाही. म्हणजे खरंच असणार. आपल्याला वाईट वाटू नये म्हणून बिचारी बोलत नसणार.

"भिजवलं असंल बाबा," भागूबाई म्हणाली. "माझंच चुकलं."

एवढं म्हणताना तिच्या कानशिलांना धग लागली. सहा एकर कोरडवाहूत राबून दोन पोरं आणि एक पोरगी तिनं मोठी केली होती, बाजारात कुणी मापात फसवलं तर तिथंच सुनावणारी बाई होती ती. आणि आता लेक समोर उभा राहून विचारतो, आणि आपण शाळेतल्या पोरासारखं कबूल करतो. तिनं मेथीची जुडी बाजूला सरकवली. काड्या पानांत मिसळल्या असतील, तर तेही कुणी बघायला नको.

संध्याकाळी पाचोडहून रत्नमालेचा फोन आला. गोकुळनं तो स्पीकरवर टाकला.

"माय, म्या शनिवारी गाडी घेऊन येते. चल माझ्याकडं. इथं मी दिवसभर घरातच असते."

दिवाळीपासून लेक हेच म्हणत होती, आणि दिवाळीपासून भागूबाई एकच उत्तर देत होती, लेकीच्या घरी जाऊन राहायचं म्हणजे जावयाच्या ताटात जेवायचं, ते माझ्यानं व्हायचं नाय. आज सगळे तिच्या उत्तराची वाट बघत थांबले.

"येते," ती म्हणाली.

रूपानं गोकुळकडं पाहिलं. श्रेया म्हणाली, "अगं आजी, पण मी कुठं तुला रागावले?" मंजुषा उठून पुढच्या खोलीत गेली आणि तिनं मशीन सुरू केली. मशीनवर कापड नव्हतं.

*

गुरुवारी सकाळी नजमा आली. अठरा वर्षं ती मंजुषाशेजारी बसून हातशिलाईचं काम करत होती. काज, तुरपाई, लेस, सगळं तिचं. बेगमपुऱ्यातल्या तिच्या घरी एकेकाळी माग होता. वडील गेले, माग लाकडाच्या भावात गेला, भाऊ युसूफ वाळूजला कंपनीत लागला. श्रेया जुन्या पोशाखांची माहिती विचारायला त्याच्याकडं गेली, तेव्हा त्यानं आपणहून ट्रंक उघडली होती. पेटीत कुजण्यापेक्षा स्टेजवर तरी दिसेल, असं म्हणाला होता.

नजमानं कापड हातात घेतलं. उलटं केलं, मागचे सुटे धागे बोटांनी चाचपले.

"किती वाचलंय?"

"दोन मीटर. थोडं जास्त," मंजुषा म्हणाली.

"मग अंग आन् बाह्या ह्यातून काढू. घेर मलमलचा. खाली हिमरूची पट्टी."

"पट्टीला पुरणार नाही."

"पुरवू भाभी. पुरवावंच लागंल."

दोघी कामाला लागल्या. मंजुषानं आधी वर्तमानपत्रावर बेतलं, कारण आता चुकायला कापड नव्हतं. श्रेयानं मोबाइलवर जुन्या चित्रांचे फोटो काढून आणले होते. त्यातल्या दरबारी माणसांच्या कमरेला भरपूर चुण्यांचे पटके गुंडाळलेले होते. ते बघून मंजुषाला सुचलं, की बिघडलेल्या भागाचा पटका करावा. कमरेला गुंडाळल्यावर कुणाला कळणार, की या चुण्या पाण्यानं पडल्यात? युक्ती चांगली होती. श्रेयानं टाळी वाजवली. मंजुषाला स्वतःची शरम वाटली. चूक झाकायची अक्कल आपल्याला किती झटकन सुचते, हे तिच्या लक्षात आलं.

शुक्रवारी दुपारपर्यंत अंग जोडून झालं, कळ्या एकमेकींना लागल्या. रूपानं दोनदा चहा आणला आणि दोन्ही वेळा म्हणाली, "ताई, तुम्ही होतात म्हणून निभावलं." भागूबाई या खोलीकडं फिरकली नाही. एरवी ती दारातल्या स्टुलावर बसून चिंध्या गोळा करायची, नजमाशी गावच्या बाजाराच्या गप्पा मारायची. दोन दिवसांत तिनं घरातल्या कशालाच हात लावला नव्हता. पाण्याचा तांब्यासुद्धा मागून घ्यायची.

पटक्यासाठी नजमानं तो चुण्यांचा भाग मांडीवर घेतला आणि काठाचा कच्चा टाका उसवायला लागली. चार-सहा टाके उसवून ती थांबली.

"भाभी."

"काय गं?"

"हा टाका तुमचा हाय."

मंजुषाच्या पायाखालचं पायडल थांबलं.

"अठरा साल झाले तुमच्या बाजूला बसून," नजमा खालच्या आवाजात म्हणाली. "तुम्ही कच्चा टाका घालता तो भिजवायच्या आधीच. एरवी कधीच नाही. आन् अम्मांना तर सुईचं भोक दिसत नाही. मागच्या आठवड्यात परकराची नाडी ओवायला मला बोलावलं त्यांनी."

बाहेर भाजीवाल्याची गाडी लाउडस्पीकर लावून गेली.

"कुणाला सांगू नको नजमा," मंजुषा म्हणाली, आणि म्हणताक्षणी तिला स्वतःची किळस आली. पहिले शब्द हेच निघावेत? 'चुकलं' नाही, 'माफ कर' नाही. सांगू नको.

"मी कशाला सांगू? मी काय घरची थोडीच हाय." नजमानं पुन्हा दोरा ओढायला घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती ते पुसत नव्हती. "कापडाचं दुख हाय, पर कापड जातं भाभी. हात चुकतो. अब्बाचा पन चुकायचा. अख्खी नक्षी उसवून परत बसायचे. युसूफभाई उद्या विचारतील, कैसा हुआ? तेवढं सांगा, मी कुनाचं नाव सांगू? अम्मांचं का तुमचं?"

मंजुषानं कातर उचलली आणि परत ठेवली.

"नका सांगू आत्ता," नजमा म्हणाली. "मी त्यांना बोलले, अभी सी रहे हैं. शिवून व्हईपर्यंत तेवढं चालंल."

*

शनिवारी दुपारी तीनला रत्नमालेची जीप दारात लागली. तिनं येताना पाचोडच्या बाजारातली ज्वारी आणि भुईमुगाच्या शेंगा आणल्या होत्या, जणू काही न्यायला नव्हे तर पाहुणी म्हणून आली होती. भागूबाईची पिशवी रूपानंच भरून ठेवली होती. चार लुगडी, दोन स्वेटर, गोळ्यांचा डबा. घड्या घालताना रूपाला सारखं आठवत होतं, की 'आत्याबाई' हे नाव गच्चीवर पहिल्यांदा आपल्याच तोंडून निघालं. आणि म्हातारीची खाट गेली की श्रेयाचं टेबल तिथं बसेल, हेही आठवत होतं. दुसऱ्या विचारानं पहिला विचार आणखीच टोचत होता, म्हणून तिनं लुगड्यांना उगाच इस्त्री केली.

"आधी जामा बघा, मग निघा," गोकुळ म्हणाला. "रत्ने, तुझ्यासाठीच थांबवलंय श्रेयानं."

सगळे पुढच्या खोलीत जमले. श्रेया आतून आली. जांभळं अंग छातीवर तिरकं बसलं होतं, लांब बाह्या मनगटाशी गोळा झाल्या होत्या, पांढऱ्या मलमलचा घेर पावलापर्यंत फिरत होता आणि त्याच्या तळाशी सोनेरी कोयऱ्यांची पट्टी. कमरेला पटका. तिनं गिरकी घेतली तसा सगळा घेर उचलला गेला.

"पोरगी हाय का कोन!" रत्नमाला म्हणाली. "वहिनी, लई भारी! बिघडल्यालं कापड, आन् हे केलंत तुम्ही?"

"आमच्या वहिनीचा हात," गोकुळनं सुरुवात केली.

"बंद राहिलेत बांधायचे," मंजुषा मध्येच म्हणाली. पुढचं वाक्य तिला ऐकवलं नसतं.

नजमा गुडघ्यावर बसून बगलेतला एक बंद पक्का करत होती. श्रेयानं दाराकडं पाहिलं. भागूबाई उंबऱ्याबाहेर उभी होती. प्रवासाचं म्हणून चांगलं लुगडं नेसली होती, आणि दोन्ही हात पदराखाली घट्ट धरले होते.

"आजी, ये ना आत. एक बंद तू बांध. उद्या माझ्या लक्षात राहील."

"नगं."

"ये गं."

"नगं पोरी. माझा हात लागंल." भागूबाई एक पाऊल मागं सरली. "इथूनच दिसतंय. लई चांगलं झालंय. पुन्हा खराब व्हायला नगं."

हे ती लाडानं किंवा रुसून म्हणाली असती तर कदाचित मंजुषा त्याही दिवशी गप्प राहिली असती. पण म्हातारी ते अगदी साधेपणानं म्हणाली. तिला खरंच वाटत होतं, की आपल्या हातानं वस्तू खराब होतात.

"ते कापड मी भिजवलं," मंजुषा म्हणाली.

रत्नमाला हसली, मायेनं.

"वहिनी, तुमचं मन मोठं हाय, ठाऊक हाय मला. पर आता कशाला पांघरून घालता? मायला मी काय शिक्षा म्हनून नेत नाय."

"पांघरूण नाही घालत. मी भिजवलं. बुधवारी सकाळी. अस्तराबरोबर टबात टाकलं. रूपा गच्चीवर आली आणि तिनं आत्याबाईंचं नाव घेतलं, आणि मी गप्प बसले. तिथं गप्प बसले, मग भाऊजी बोलले तेव्हाही गप्प बसले."

"ताई, असं काही..." रूपानं नजमाकडं पाहिलं.

"काठाचा टाका भाभींचा होता," नजमा खाली मान घालून म्हणाली. तिनं बंदाचा दोरा दातानं तोडला. "मीच उसवला."

आता कुणाला शंका राहिली नाही. श्रेया जाम्यातच मटकन खुर्चीवर बसली. गोकुळचा चेहरा लाल झाला. तो ओरडेल असं सगळ्यांना वाटलं, पण त्याचा आवाज बारीक निघाला.

"तीन दिवस, वहिनी? मी मायला तुमच्यासमोर काय काय बोललो. चपला घालून बोललो. तुम्ही आमटी ढवळत व्हता."

"हो."

"आन् आज ती निघून गेली असती, तर?"

मंजुषानं रडू येऊ दिलं नाही. रडले तर कुणीतरी समजूत घालेल, आणि तेवढा हक्क आपल्याला नाही, असं तिला वाटत होतं.

"एवढीशी गोष्ट व्हती!" रत्नमाला संतापली. "कापड भिजलं, भिजलं. सांगायचं की तोंडानं! माझ्या मायला येडी ठरवलंत तुम्ही सगळ्यांनी मिळून."

"तू पण ठरवलंस," गोकुळ म्हणाला. "गाडी घेऊन आलीस ना?"

भावाबहिणीची जुंपणार असं दिसत असताना भागूबाई आत आली. तीन दिवसांत पहिल्यांदा तिनं त्या खोलीत पाऊल टाकलं. तिच्या चेहऱ्यावर सुटका नव्हती. रागही नव्हता. ती मंजुषासमोर येऊन उभी राहिली.

"मग मला आठवतं, ते काय हाय?"

"काय आठवतं आत्याबाई?"

"म्या भिजवल्यालं." ती सगळ्यांकडं आळीपाळीनं पाहत बोलू लागली. "पहिल्या दिशी नव्हतं आठवत. मग आठवलं. बादली भरली. पाणी लई गार व्हतं. कापड आत दाबलं तर जड झालं. म्या मूठभर मीठ टाकलं, रंग जाऊ नये म्हून. हे समदं मला दिसतंय मंजू, आत्ता बी दिसतंय. तू नव्हतीस तिथं."

"मीठ टाकलंच नव्हतं, आत्याबाई," मंजुषा म्हणाली. "बादलीही नव्हती. टब होता."

"मीठ नव्हतं?"

"नव्हतं."

भागूबाईनं पदरातून हात बाहेर काढले आणि तळवे उलटसुलट करून पाहिले. मंजुषाला कळून चुकलं, की आपण तीन दिवसांत काय केलं. म्हातारीच्या डोक्यात एक मोकळी जागा होती, तिथं आपण आपलं पाप नेऊन ठेवलं, आणि तिनं ते आपलं मानून सांभाळलं, त्याला मीठसुद्धा लावलं. आता कबुली देऊन ते परत घेता येत नव्हतं.

"माय, तू कुठं जायची नाय," गोकुळ म्हणाला. "रत्ने, पिशवी आत ठेव."

"मी चालले तर माझ्या मनानं चालले, राहिले तर माझ्या मनानं," भागूबाई त्याच्याकडं न बघता म्हणाली. "जरा गप बस." मग तिनं मंजुषाचं मनगट धरलं. पकड अजून घट्ट होती, शेतात राबलेल्या बाईची. "ह्या घरात माझ्यासंगं दिवसभर तूच असतीस. हे तर समदे बाहेर. आता मला काय बी आठवलं, तर मी तुला इचारनार. झालं का नाय झालं, ते तू सांगायचं. खरं सांगशील ना?"

त्या क्षणी खोलीतल्या कुणीही मंजुषावर एका शब्दाचा विश्वास ठेवला नसता. गोकुळ भिंतीकडं बघत होता. रूपा पदराचं टोक पिरगाळत होती. नजमानं मात्र पहिल्यांदा मान वर केली.

"सांगते," मंजुषा म्हणाली.

"खरंच?"

"खरंच सांगते, आत्याबाई."

भागूबाई तिच्याकडं बघत राहिली. तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं, एकदम आशेनं, आणि ती इतकी जवळ सरकली की तिचा श्वास मंजुषाच्या गालाला लागला.

"मग सांग," ती हळूच म्हणाली. "सांडू गेला, असं मला आठवतंय. दवाखान्यातून आनला, दारात लई मानसं जमली. ते बी असंच का गं? झालंच नाय?"

रत्नमालेनं तोंडावर हात धरला. मंजुषाला वाटलं, इथून पळून जावं. नाही झालं, असं म्हणावं, आणि या म्हातारीला एक संध्याकाळ तरी मुलगा परत द्यावा. मंजुषाइतकं सहज खोटं या घरात कुणाला बोलता आलं नसतं.

"झालं, आत्याबाई," ती म्हणाली. "ते झालं. मी होते तिथं."

भागूबाईनं मान हलवली. मनगट मात्र सोडलं नाही.

"बरं," ती म्हणाली. "आता बस माझ्यापाशी."

दोघी श्रेयाच्या घेराशेजारी खालीच बसल्या, आणि बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत राहिला.